समुद्राचं पहिलं पीक

नव्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये माशाच्या आधी शेवाळ येतं. काचेत पाणी भरून, मीठ विरघळवून, दिवे लावून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच पांढऱ्या वाळूवर तपकिरी धूळ बसू लागते. हात फिरवला की उडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. मग दगडांवर चढते, काचेवर चढते. ज्याने साठवलेले पैसे घालून हा पसारा मांडला, तो माणूस हबकतो. आपलं काहीतरी चुकलं, पाणी नासलं, हे काम आपल्याला जमणारं नाही, असं त्याला वाटतं. कित्येक टँक याच टप्प्यावर रिकामे होतात आणि गच्चीवर धुणं भिजवायच्या कामाला लागतात. मला या गोष्टीची फार हळहळ वाटते, कारण त्या टँकमध्ये बहुतेक वेळा सगळं योग्यच चाललेलं असतं. शेवाळ हा नव्या समुद्राचा आजार नाही. ते त्याचं पहिलं पीक आहे, आणि ते कशावर पोसलं हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं.

छत्रपती संभाजीनगरात, त्यातही गुलमंडीसारख्या जुन्या पेठेत, हे ओळखायला सुरुवात नळापासून करावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. रस्त्याने मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. इथे समुद्राचं पाणी डब्यात भरून आणणं परवडत नाही. समुद्र घरीच बनवावा लागतो. पाणी येतं जायकवाडीच्या नाथसागरातून, पैठणहून, पन्नासेक किलोमीटरवरून. रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. म्हणून घरोघरी हौद, गच्चीवर काळ्या टाक्या, आणि तेही पुरलं नाही की टँकर किंवा बोअर. सुपारी हनुमानापासून टिळक पथाने पैठण गेटाकडे निघालं की साड्या, कापड, भांडी यांच्या दुकानांवर जी दोन-तीन मजली घरं उभी आहेत, त्यांतल्या कुठल्याही घरात शिरलं तरी पाणी कधी आलं आणि किती साठवलं हा हिशेब घरातल्या बाईला तोंडपाठ असतो.

या पाण्याखाली जो काळा दगड आहे तो दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात कोरलेलं आहे. वजनाने त्याचा जवळजवळ निम्मा भाग सिलिका. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून झिरपतं, वर्षानुवर्षं आत राहतं आणि थोडी थोडी सिलिका विरघळवून घेतं. जगभरच्या नद्यांच्या पाण्यात लिटरमागे सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास सिलिका असते; बेसॉल्टमधल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात ती याच्या कितीतरी पट असू शकते. उलट उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या वरच्या थरात ती नावालाच सापडते. ती तिथे का नसते? कारण तिथले डायटम ती खाऊन टाकतात.

वाळूवरची ती तपकिरी धूळ म्हणजे हेच डायटम. एका पेशीचा जीव, आणि त्याभोवती सिलिकेचं, म्हणजे चक्क काचेचं, नक्षीदार कवच. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा साधारण पाचवा भाग हे जीव करतात. समुद्रात त्यांना सिलिकेसाठी झगडावं लागतं. गुलमंडीत बोअरच्या पाण्याने भरलेल्या टँकमध्ये ती त्यांना आयती मिळते.

गुलमंडीमागच्या गल्लीत राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्याने दोनशे लिटरचा टँक लावला तेव्हा त्याच्याही वाळूवर हीच तपकिरी धूळ बसली. पाणी आरओचंच घातलं होतं. त्याची आई म्हणाली, ‘‘अरे, आपण पितो तेच पाणी आहे, मग माशाला काय झालं?’’ प्रश्न अगदी रास्त होता, आणि उत्तर स्वयंपाकघरातल्या त्याच यंत्रात होतं. घरगुती आरओमध्ये बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं. पाणी फार सपक लागू नये म्हणून ते गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी किंवा क्षार पुन्हा मिसळतं. माणसाला ते चांगलं. टँकसाठी मात्र ते पाणी या मिसळणीच्या आधीच्या नळीतून घ्यायला हवं, आणि त्यापुढे डीआय, म्हणजे रेझिनच्या दाण्यांचा आणखी एक फिल्टर लावायला हवा.

इथे एक बारकावा आहे, आणि तो इथल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावा असं मला वाटतं. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात पेनाएवढा टीडीएस मीटर असतो. तो पाण्यातून वीज किती वाहते यावरून क्षार मोजतो. सिलिका पाण्यात बहुतांशी सिलिसिक आम्लाच्या रूपात असते आणि त्यावर जवळजवळ विद्युतभार नसतो, त्यामुळे ती मीटरला दिसतच नाही. त्यातच रेझिन थकायला लागलं की सर्वांत आधी सिलिकाच निसटते. मीटर शून्य दाखवत राहतो आणि वाळू तपकिरी होत राहते. आकड्यावर विसंबून न राहता रेझिन वेळेवर बदलणं आणि जमल्यास सिलिकेची वेगळी चाचणी करणं, एवढाच यावर उपाय आहे.

सिलिका आत यायची दुसरी वाट बाष्पाची. मराठवाड्याची हवा कोरडी. मार्चपासून पुढे उघड्या टँकमधून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. ती भर घाईघाईत हौदातल्या पाण्याने घातली, तर रोजचे तीन लिटर महिन्याला नव्वद होतात. दोनशे लिटरच्या टँकमध्ये महिन्याभरात जवळजवळ अर्ध्या टँकइतकं कच्चं पाणी शिरतं आणि त्यातली सिलिका, नायट्रेट, फॉस्फेट सगळं मागे साचतं. टँक भरताना दाखवलेली सगळी काळजी या रोजच्या तांब्यांनी वाया जाते. माझ्या स्नेह्याच्या घरी तपकिरी थर जाईना, त्याचं कारण शेवटी हेच निघालं. घरातलं जो कोणी टँकजवळून जाई तो पाणी कमी दिसलं की हाताशी असलेलं ओतत असे. मग टँकशेजारी झाकणाचा वेगळा डबा आला, त्यावर चिठ्ठी चिकटली, आणि काही आठवड्यांत तो थर विरळ झाला.

समुद्रापासून दूर राहून समुद्र बनवायची ही धडपड जुनी आहे. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृतीही दिली होती: साधं मीठ, मॅग्नेशियमचे दोन क्षार, आणि थोडं पोटॅशियम. आजच्या पुड्यांत याहून बरंच काही असतं, कारण समुद्राच्या क्षारांत क्लोराइड आणि सोडियम मिळून ८५ टक्के असले तरी उरलेल्या सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमवाचून तिथला जीव जगत नाही. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ म्हणूनच चालत नाही. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार हे समुद्राचं माप. दोनशे लिटरला सात किलो लागतात.

गॉस आणि त्याच्या काळचे लोक या पाण्यात आधी हिरवं समुद्री शेवाळ असलेले दगड ठेवत, आणि प्राणी नंतर सोडत. पंप नव्हते, फिल्टर नव्हते. पाण्यात प्राणवायू घालायचं काम शेवाळावर सोपवलेलं होतं. आपण ज्याला शत्रू समजतो त्याच्या भरवशावर पहिले समुद्री टँक उभे राहिले.

नव्या टँकमध्ये घडतं काय, तर जमिनीचा तुकडा मोकळा झाल्यावर जसं आधी तण, मग झुडूप, मग झाड येतं तसा क्रम लागतो. सुरुवातीला जिवाणूंची घडी बसते. माशाची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासा सोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. याच सुमारास डायटम येतात. सिलिका संपली की ते ओसरतात. त्यांच्यामागून काचेवर हिरवा पातळ थर, मग दगडांवर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ. कधी मध्येच वाळूवर गडद लाल, बुळबुळीत चादर पसरते. ती सोलली की पापुद्र्यासारखी निघते. ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया आहेत. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला ज्यांनी सुरुवात केली त्या जिवाणूंचे हे वंशज. पाणी साचून राहतं, कोपऱ्यात घाण बसते, तिथे ते जमतात. वेव्हमेकरचं, म्हणजे पाणी घुसळणाऱ्या पंपाचं, तोंड त्या कोपऱ्याकडे वळवणं आणि थर नळीने शोषून बाहेर काढणं, याने बऱ्याचदा भागतं.

हिरव्या केसांचं मूळ नायट्रेट आणि फॉस्फेट. फॉस्फेट येतं मुख्यतः अन्नातून. गोठवलेल्या कोळंबीचा तुकडा पाण्यासकट टँकमध्ये पडतो तेव्हा ते पाणीही आत जातं. गाळणीत धुऊन घातला तर बराच फरक पडतो. शिवाय चुनखडीचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यात ते कमी झालं की हळूहळू सोडतात. म्हणून चाचणीत आकडा छोटा दिसतो आणि दगडावर मात्र रान माजलेलं असतं. पाणी दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के बदलत राहणं, स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र, नीट चालू ठेवणं, दगडांवरचं शेवाळ हाताने उपटून काढणं हीच खरी कामं आहेत. ती कंटाळवाणी आहेत, पण त्यांना पर्याय नाही.

मात्र दुसऱ्या टोकाला जाणारेही असतात, आणि त्यांचं नुकसान जास्त होतं. शेवाळाचा राग येऊन ते फॉस्फेट शोषणारं लोह, वाढीव पाणीबदल, अन्नात कपात असं सगळं एकदम करतात आणि पाण्यातलं पोषण शून्यावर आणतात. तिथे डायनोफ्लॅजलेट येतात: तपकिरी, चिकट, शेंबडासारखे धागे, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले, दिवा गेला की विरळ, दिवा आला की पुन्हा दाट. त्यांच्यातले ऑस्ट्रिओप्सिससारखे प्रकार विषारी असतात. गोगलगायी मरायला लागल्या की शंका घ्यावी. यांना हुसकावण्यासाठी पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट उलट थोडं वाढवावं लागतं, म्हणजे बाकीच्या शेवाळाला आणि जिवाणूंना जागा धरता येते. नायट्रेट लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५च्या आसपास राहिलं तर बिघडत नाही. शून्य हे या कामात चांगलं माप नव्हे.

दुकानात विचारलं तर बाटली मिळते. ‘दोन झाकणं टाका, शेवाळ साफ.’ गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या अशा कित्येक औषधांत तांबं असतं. शेवाळ मरतं, आणि गोगलगायी, कोळंबी, खेकडेही मरतात; दगड आणि वाळू ते तांबं धरून ठेवतात, त्यामुळे पुढेही त्या टँकमध्ये असे जीव टिकणं कठीण होतं. लाल चादरीवर प्रतिजैविकाची गोळी विरघळवणारेही भेटतात. थर मरतो, पण मेलेला थर कुजून त्यातलं सगळं पोषण पुन्हा पाण्यातच येतं, आणि ते वापरायला पुढचं शेवाळ तयारच असतं. नव्या माणसाला काही एकच सांगायचं असेल तर मी हे सांगेन: पहिल्या सहा महिन्यांत शेवाळासाठी बाटली विकत घेऊ नका.

शेवाळाला आवर घालणारे समुद्रात वेगळे जीव आहेत. ते नसतील तर काय होतं याचा फार मोठा पुरावा कॅरिबियन समुद्रात आहे. १९८३-८४मध्ये तिथल्या लांब काट्यांच्या डायडेमा या समुद्री साळिंदरांवर साथ आली आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त मेली. जमैकाभोवती शेवाळ खाणारे मासे आधीच अतिमासेमारीने संपले होते. वादळांनी प्रवाळ मोडला होता, आणि मोकळ्या जागेवर वाढणारं शेवाळ चरायला कोणी उरलं नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या प्रवाळखडकांचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्या खाली आला. शेवाळाने बाकीचं सगळं व्यापलं. समुद्रकिनारी झालेला हा अनर्थ आणि आपल्या दिवाणखान्यातला हिरवा दगड यांचं एक कारण समान आहे: चरणारं कोणी नसणं.

म्हणून जिवाणूंची घडी बसल्यावर, माशांच्याही आधी, चरणाऱ्या गोगलगायी सोडाव्यात. टर्बो जातीच्या गोगलगायी हिरवा थर झपाट्याने खातात. कोकणच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या नेरिटाही खातात, पण त्यांना पाण्याबाहेर चढायची सवय असते आणि त्या सकाळी फरशीवर सापडतात, झाकण हवं. हर्मिट खेकडे किरकोळ उरलंसुरलं टिपतात. चरणारे ब्लेनी मासे लहान टँकला चालतात. निळा सर्जन मासा, मुलं ज्याला ‘डोरी’ म्हणतात, तो शेवाळ खातो म्हणून दोनशे लिटरमध्ये ठेवणं मला क्रूरपणा वाटतो. त्याला पोहायला लांबच्या लांब जागा लागते.

परदेशातल्या पुस्तकांत यावर आणखी एक उपाय हमखास सापडतो: ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्रातून आणलेला, जिवाणू आणि गुलाबी शेवाळाने भरलेला दगड. १९६०च्या सुमारास जकार्तामध्ये ली चिन एंग यांनी अशा दगडांवर चालणारे टँक दाखवून दिले होते. आपल्याकडे हा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणंच योग्य आहे. २००१पासून खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मन्नारच्या आखातातून फोडून आणलेला असा दगड चोरून विकला जातो. तो घेणारा गुन्हा करतो आणि समुद्रही मोडतो. आपल्या शौकिनाला कोरडा दगडच वापरावा लागतो. त्यात आधीपासूनचे जीव नसतात, त्यामुळे शेवाळाचा काळ आपल्याकडे लांबतो. पुस्तकात चार महिने लिहिले असतील तर इथे आठ धरावेत, आणि घाबरू नये.

शेवाळाला शेवाळानेच आवरायची एक युक्ती मला मनापासून आवडते. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी १९८०च्या सुमारास असं यंत्र केलं, ज्यात जाळीवर जोरदार प्रकाशात मुद्दाम शेवाळ वाढवायचं आणि दर काही दिवसांनी खरवडून फेकायचं. पाण्यातलं पोषण त्याच्याबरोबर बाहेर जातं. याचं सोपं रूप म्हणजे टँकखालच्या सम्पमध्ये, म्हणजे जोडटाकीत, रात्रीच्या वेळी दिवा लावून, किटोमॉर्फा हे तारेच्या गुंतवळीसारखं हिरवं शेवाळ ठेवणं. मूठभर वाढलं की मूठभर काढायचं. कॉलेर्पा मात्र टाळावं. १९८४मध्ये मोनाकोच्या समुद्री संग्रहालयाजवळच्या पाण्यात त्याचा एक प्रकार सापडला आणि पुढे भूमध्य समुद्रात तो दूरवर पसरला. संभाजीनगरातून ते समुद्रात जाणार नाही, पण इथून कोणी ते मुंबईला, मालवणला भेट म्हणून नेऊ शकतो.

प्रकाशाबद्दल थोडक्यात: नुसते मासे असतील तर सहा-सात तास पुरेत, आणि खिडकीचं ऊन टँकवर नको. उष्णतेचं तसं थोडक्यात सांगता येत नाही. मेमध्ये शहराचं तापमान चाळिशी ओलांडतं आणि या टँकला २५-२६ अंश हवेत. चिलर महाग. पंखा लावला तर पाणी दोन अंशांनी उतरतं, पण बाष्प वाढतं, मग पुन्हा भर, म्हणजे पुन्हा शुद्ध पाण्याचा प्रश्न. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो; त्यात रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, म्हणून दाट शेवाळाच्या टँकमध्ये वीज गेलेली उन्हाळी रात्र माशांना सर्वांत धोक्याची. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप घरात असायलाच हवा.

हे सगळं आधी पाहून शिकायला मिळावं अशी जागा महाराष्ट्रात फारशी नाही. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं. मराठवाड्यातून मुंबईला सहलीला गेलेल्या कित्येकांनी समुद्राचा मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला. २०१५मध्ये ते नवं रूप घेऊन उघडलं, करोनाकाळात बंद पडलं. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. संधी मिळाली तर तिथे जरूर जावं. आणि दिवाळीनंतरच्या दिवसांत गेलात तर किनाऱ्यावरही उतरावं. पावसाळ्याच्या लाटांनी खरवडून काढलेल्या खडकांवर तेव्हा उल्वा या शेवाळाची हिरवी पानं नव्याने धरू लागतात आणि त्यांच्यात नेरिटा चरत असतात. टँकमध्ये जे चाललं आहे तेच तिथे मोठ्या मापाने दिसतं.

मासे घेताना टाकीत जन्मलेले घ्यावेत. क्लाउन माशाची पैदास आता टाकीतही होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपमला ते साधलं आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीला राज्याच्या कांदळवन विभागाच्या केंद्रातही या माशांची हॅचरी आहे. असा मासा टँकमधल्या अन्नाला सरावलेला असतो, वाया कमी घालवतो, आणि वाया न गेलेलं अन्न म्हणजे कमी फॉस्फेट.

या सगळ्यातून टँक गेला की एका दिवशी पंपाच्या मागे, जिथे हात पोचत नाही तिथे, गुलाबी-जांभळा खडूसारखा ठिपका दिसतो. हे कोरलाइन शेवाळ. दगडावर ते कवच धरतं आणि त्या जागेवर हिरव्या केसांना पाय रोवणं अवघड जातं. ते आपोआप येत नाही. जुन्या टँकमधली गोगलगाय किंवा खरवडलेला चुरा यांच्याबरोबर येतं. आल्यावर त्याची भूक सुरू होते. कवच बांधायला ते पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ओढतं. कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएच आणि मॅग्नेशियम १३००च्या आसपास ठेवावं लागतं. त्यांत अल्कलिनिटी सर्वांत लवकर घसरते, म्हणून तिची चाचणी आठवड्याला आणि बाकी दोन्हींची महिन्याला करावी.